खाचेतला काळा चिखल

गमबूट काढायची फळी ही अक्काच्या घरातली अगदी साधी वस्तू. हातभर लांबीची बाभळीची फळी, तिच्या एका टोकाला टाच बसेल एवढी खाच, आणि खाचेजवळ खालच्या बाजूनं ठोकलेला लाकडी ठोकळा. ठोकळ्यामुळं खाचेचं टोक जमिनीपासून चार बोटं उचललेलं राहायचं. एका पायानं फळी दाबून धरायची, दुसऱ्या पायाची टाच खाचेत अडकवायची आणि पाय वर ओढायचा. बूट खाचेत राहतो, पाय मोकळा होतो. वाकावं लागत नाही, हात भरत नाहीत. दाजींचा उजवा गुडघा वाकत नसे, आणि कामावर मिळालेले गमबूट त्यांना एक नंबर लहान होते. ओले झाले की पायाला असे धरून बसायचे, की अक्काला उंबऱ्यात बसून दोन्ही हातांनी ओढावे लागत. लग्नाआधी दाजी कामासाठी नांदेडला होते. तिथल्या एका जुन्या बंगल्याच्या पडवीत त्यांनी असली फळी बघितली होती. गावच्या सुताराला त्यांनी मातीत बोटानं काढून दाखवलं आणि त्यानं तासाभरात करून दिली. तिला नाव काही नव्हतं. फळीच म्हणायचे सगळे.

त्या फळीवरून मी दाजींची नोकरी घालवली. हे बोललो एकदाच, तेही फार उशिरा. लिहितो आज पहिल्यांदा.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादेतून वेगळा निघाला होता आणि दप्तरांची वाटणी अजून चालूच होती. मी नांदेडला बी.ए. होऊन घरी बसलो होतो. लातूरच्या एका कचेरीत जुन्या याद्यांवरून नव्या याद्या उतरवून काढायचं तात्पुरतं काम मिळालं. अक्काचं गाव मुरुडच्या पुढं, एस.टी.नं तासाभरावर. गावाचं नाव लिहीत नाही. "खोली कशाला करतूस? भैन मेली का तुजी?" असं म्हणून अक्कानं मला ठेवून घेतलं. पंधरा महिने मी तिच्या घरी जेवलो.

दाजी गावच्या नळयोजनेवर वालमन होते. म्हणजे कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं ते वाल उघडून-मिटून बघणारा माणूस. खांद्यावर लोखंडी लांब चावी आणि पायात ते गमबूट, असा त्यांचा अवतार. नऊ वर्षं रोजंदारीवर काढली होती. जिल्हा नवा झाला तशी कायम करायच्या लोकांची यादी निघणार असं ठरलं, आणि त्या यादीत दाजींचं नाव गेलं होतं. अक्का रोज संध्याकाळी दिवा लावताना "यंदा व्हऊ दे बाबा" एवढंच म्हणायची. काय होऊ दे ते विचारायची गरज नव्हती.

साल कोरडं होतं. आदल्या वर्षीही पाऊस नव्हता, त्या वर्षी तर मृग, आर्द्रा नुसते पंचांगातच येऊन गेले. नळाला आधी चौथ्या दिवशी पाणी यायचं, मग आठव्या दिवशी येऊ लागलं. विहिरींच्या तळाला कपडे वाळत घालावेत अशी गत. गमबूट घालून रस्त्यानं चाललेला माणूस बघितला की पारावरचे म्हातारे हसायचे.

"वालमन, आज पूर येणार हाय व्हय रं?"

"येणार हाय. म्हातारी माणसं आधी वाहून जाणार हायती," दाजी म्हणायचे आणि पाय न थांबवता पुढं जायचे.

ज्या दिवशी गावात पाणी सुटायचं त्या दिवशी दाजी सकाळीच बाहेर पडत, दुपारी जेवायला येत, फळीवर बूट काढत. तेव्हा खाचेत पांढरट चिखल लागलेला असे. आमच्याकडं गाव बसतं ते पांढरीवर आणि पीक येतं ते काळीवर. लहान पोरालाही हे माहीत असतं. वाल सगळे गल्ल्यांमध्ये, म्हणजे पांढरीत. तेव्हा पांढरा चिखल बरोबरच होता. पण जेवण झालं की दाजी पुन्हा बूट चढवून जात आणि दिवस कलताना परत येत. एका संध्याकाळी मी ओसरीवर चप्पल काढायला वाकलो तर फळीच्या खाचेत काळाभोर, ओला चिखल. बोट लावलं तर बोटाला चिकटला. त्या सालात शिवारात हातभर खणलं तरी ओल लागत नव्हती, आणि दाजी कुठूनतरी ओली काळी माती घेऊन आले होते.

मी कुणाला काही बोललो नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी मुद्दाम लवकर येऊन बसलो. पुन्हा काळा चिखल. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा.

एकदा जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "दाजी, रानात गेलता काय? बुटाला काळी माती दिसायली."

"म्हशी धुवायला गेलतो," दाजी म्हणाले.

"ह्या सालात म्हशी?"

"मंग मेव्हण्याला धुवायला पाणी कुठं मिळतंय का ते बगून आलो. लई वास मारायलास."

दाजी मोठ्यानं हसले. अक्का हसली, पण आधी तिनं दाजींकडं बघितलं. ते बघणं माझ्या नजरेतून सुटलं नाही. "भाकर घे, निस्ता कागदं खरडून पोट भरत न्हाई," असं म्हणून तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि विषय तिथंच मिटवला.

त्यानंतर मी बारकाईनं बघू लागलो. एरवी फळी दोन-दोन दिवस तशीच पडलेली असायची. पण पाण्याच्या दिवशी संध्याकाळी दाजींनी बूट काढले, की अक्का उलथनं घेऊन लगेच खाच खरवडायची. चिखल फुटक्या घमेल्यात घेऊन आत न्यायची आणि चूल सारवायच्या मातीत कालवून टाकायची. पाचच मिनिटांत फळी कोरडी, भिंतीला टेकवलेली. चिखल वाया घालवायचा नाही म्हणून करत असेल, असं एखाद्यानं म्हटलं असतं. मी म्हटलं नाही. मला वाटलं, पुरावा बुजवते आहे.

मग एका संध्याकाळी ताटात घोळाची भाजी आली. कोवळी, रसरशीत. घोळ उगवतो तो जिथं पाणी सांडतं तिथं. मुरुडच्या बाजारात हिरवं पान दिसत नव्हतं, कोथिंबीर विकणारी बाई वाळलेल्या मिरच्या घेऊन बसत होती.

"ही कुठली ग?"

"दिली कुणीतरी."

"कोणी?"

"तुला भाजी खायची हाय का पंचनामा करायचाय?" अक्का म्हणाली.

भाजी मी खाल्ली. दुसऱ्यांदा मागूनही घेतली.

गावच्या एका आडत्याची नाल्याच्या अंगाला मोसंबीची बाग होती. साऱ्या शिवारात तेवढाच हिरवा तुकडा उरला होता. बाग कशावर जगली आहे याची गावात कुजबुज होतीच. त्याची बोअर आहे असं काही जण म्हणत, काही नुसतेच हसत. माझ्या डोक्यात हिशेब जुळला: काळी माती, बाग, घोळाची भाजी, अक्काचं उलथनं. गावाला आठव्या दिवशी पाणी आणि दाजी आडत्याच्या बागेला पाणी सोडतात.

खात्री करून घ्यावी म्हणून पाण्याच्या एका दिवशी कचेरीतून अर्धा दिवस रजा काढली आणि दाजींच्या मागं मागं गेलो. बरंच अंतर ठेवून. दाजी बागेच्या कुंपणापर्यंत गेले, कुंपणाच्या कडेनं वळले आणि बाभळींच्या आड दिसेनासे झाले. मी तिथूनच परत फिरलो. कुणी बघेल अशी भीती वाटली हे खरं. पण जे बघायला गेलो होतो ते बघून झालं होतं, हे जास्त खरं. आणखी दोन शेतं चाललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

मनात काय होतं ते आता लपवून उपयोग नाही. नळाच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलं की बायका बोलायच्या, "वालमनच्या मेव्हण्याला कशाला पाहिजे लाईन? तुमच्या घरी तर रांजण उतू जात असतीन." मला ते झोंबायचं. दाजी चारचौघांत मला 'सायेब' म्हणायचे, "आमचे सायेब फॅनखाली बसून जिल्हा करायलेत," असं. सगळे हसायचे, मीही हसायचो. एखाद्याच्या घरी फुकट जेवत राहिलं की त्याच्यात काहीतरी खोट सापडावी असं वाटू लागतं. त्यानं ओझं हलकं होतं. मला दाजींमधली खोट सापडली होती, आणि ती सापडल्याचा मला आनंद झाला होता. गावाच्या पाण्याची कळकळ त्यात होती, पण तिचा वाटा किती होता ते मी सांगू शकणार नाही.

त्या काळात कचेऱ्यांमध्ये निनावी अर्जांचा पाऊस होता. नवा जिल्हा, नवे साहेब. ज्याला त्याला वाटायचं आपलं गाऱ्हाणं आता तरी कुणी वाचेल. आमच्याकडं येणारे असले अर्ज मीच आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या वहीत, चढवायचो. खाली सही नसली की साहेब वरवर बघून 'दप्तरी ठेवा' असा शेरा मारत आणि कागद गठ्ठ्यात जाई. हे मला माहीत होतं. म्हणून मनाला समजावलं, की आपलाही अर्ज गठ्ठ्यातच जाणार. लिहून मन तरी मोकळं होईल. दुपारच्या सुट्टीत कचेरीत कुणी नसताना लिहिला. अक्षर तिरपं काढलं. पण लिहायची सवय हातात बसलेली. वर डावीकडं 'प्रति' आणि पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा हुद्दा, मग 'विषय', मग 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून', मग चार मुद्दे आकडे घालून, शेवटी 'तरी सदर प्रकरणी चौकशी होऊन योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती'. खाली 'एक त्रस्त नागरिक'. लातूरच्या स्टँडवरच्या पेटीत टाकला.

गावातल्या कुणी त्रस्त माणसानं लिहिला असता तर तो शिव्यांनी भरलेला, काना-मात्रा चुकलेला असता आणि गठ्ठ्यात गेला असता. माझा गेला नाही.

बारा-तेरा दिवसांनी, पाण्याच्या दिवशी, मी संध्याकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरलो तर नाल्याकडं जाणाऱ्या बैलवाटेवर जीप उभी. लोक तिकडं चालले होते. मीही गेलो. बागेचं कुंपण मागं पडलं, बाभळी मागं पडल्या, दोन शेतं ओलांडली. नाल्याच्या काठाला सिमेंटचा एक चौकोनी खड्डा होता आणि त्यात एक वाल. गावाच्या पाइपलाइनचं ते सगळ्यात खोलगट टोक. गावात पाणी देऊन झालं की पाइपात उरलेलं गढूळ पाणी आणि गाळ तिथून बाहेर सोडून लाइन धुऊन घ्यायची असते. तो वाल तिथं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. वाल गावातच असतात, असं मी इतके महिने धरून चाललो होतो.

खड्ड्याच्या पुढं काळ्या रानात चिखलाचं डबकं. कडेनं घोळ माजलेला. नाल्यापलीकडच्या वस्तीवरच्या आठ-दहा बाया घागरी, डबे, तेलाची पिंपं घेऊन एका बाजूला सरकून उभ्या. घागरींच्या तोंडाला जुनेर बांधलेलं, पाणी गाळून घ्यायला. आणि डबक्यात मधोमध दाजी, गमबूट घोट्याच्या वर रुतलेले, हातात चावी.

जीपमधून आलेले साहेब तरुणच होते, पँटचे पाय वर दुमडलेले. "लाइन धुवायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"पाच मिनटं, सायेब."

"आणि तुम्ही सोडता किती वेळ?"

दाजींनी बायांकडं बघितलं. "ह्यांच्या घागरी भरस्तोवर."

"योजनेत ही वस्ती आहे का?"

"न्हाई."

मागून एक म्हातारी पुढं आली. "आमी कुठंच न्हाई, सायेब. हिकडला टँकर म्हनतो तुमी उस्मानाबादचे. तिकडला म्हनतो तुमी लातूरला गेलाव. आमी तर हितंच हाव, कुठं गेलो न्हाई बगा."

कुणीतरी हसलं. साहेबही थोडं हसले, मग त्यांनी खिशातून कागद काढला. तो कागद मी दहा हातांवरून ओळखला. "बागाईतदाराला पाणी विकतात असं अर्जात आहे. ते खोटं दिसतंय. पण योजनेबाहेर पाणी सोडलं हे तुम्हीच कबूल करता. मी काय करू?" आणि सरपंचाकडं वळून ते म्हणाले, "अर्ज साधा नाही हा. मुद्देसूद आहे. लिहिणारा कचेरीतला असावा."

मी मान खाली घातली. आसपास माझ्याएवढा कचेरीतला दुसरा कुणी नव्हता. पण कुणी माझ्याकडं बघितलं नाही. दाजींनी तर अजिबात नाही.

घरी आल्यावर दाजींनी ओसरीवर बूट काढले. डावा निघाला, उजवा निघेना. फळी दोनदा घसरली. मी पुढं झालो तर हातानं 'राहू दे' म्हणाले. अक्का उलथनं घेऊन आली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. दाजी तिच्याकडं बघत होते, बराच वेळ. मला तेव्हा एवढंच वाटलं, की बरं झालं, माझ्याकडं बघत नाहीत.

कायमच्या यादीतून नाव निघालं. महिन्याभरात रोजंदारीही थांबली. नाल्याकडच्या वालाला साखळी आणि कुलूप लागलं, आणि पंधरवड्यात वस्ती उठून गेली. कोण ऊसतोडीला गेले, कोण लातूरला. मी कचेरीत जुन्या याद्या काढून बघितल्या. वस्तीचं नाव जुन्या रजिस्टरात एका मोठ्या गावाच्या खाली बारीक अक्षरात होतं. ते मोठं गाव जुन्याच जिल्ह्यात राहिलं म्हणून त्याच्यावर लाल रेघ होती. रेघ गावावरच होती, वस्तीवर नव्हती. वस्ती आमच्या हद्दीत आली होती. उतरवून घेणाऱ्यानं लाल रेघ बघितली आणि तिच्याखालच्या बारीक अक्षरासकट सगळं सोडून दिलं. नवं पान माझ्या हातचं होतं. हेही मी साहेबांना जाऊन सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या गोष्टीचाही सुगावा लागेल, असं मला वाटत राहिलं.

लवकरच मला नांदेडला कायमची नोकरी लागली. अक्कानं निरोप देताना डोळे पुसले. दाजी तेव्हा लातूरच्या बाजारात हमाली करत होते, त्या गुडघ्यानं. पुढं एका तेलाच्या गिरणीवर राखणदार झाले आणि म्हातारपणापर्यंत तेच राहिले.

आधी मी दाजींवर संशय धरला होता. त्यानंतरची सगळी वर्षं त्यांना माझा संशय आहे का, याच एका विचारात काढली. दरवर्षी भाऊबीजेला जायचो आणि त्यांचा एकेक शब्द तोलत बसायचो. एकदा ते म्हणाले, "तुमी कचेरीतली माणसं, लिहायला हुशार." झालं, माझा घास तोंडातच फिरू लागला. पुढचं वाक्य होतं, "आमच्या पोराच्या फारमावर जरा नजर टाका." ते मला अरेतुरे करायचे ते कधी बंद होऊन 'तुमी' झालं, हेही मी मनात धरून होतो. नोकरीवाल्या मेव्हण्याला मान देत असतील. किंवा नसतील.

अक्काशी मात्र ते तोडून बोलायचे. पूर्वी असं नव्हतं. ती शेजारणीशी चार शब्द बोलत उभी राहिली, की आतून हाक यायची, "झालं का पुराण? का आनखी काय सांगायचं राहिलंय?" अक्का मुकाट्यानं आत यायची. हळूहळू तिनं दारात उभं राहणंच सोडलं. हमालीनं माणूस चिडका होतो, अशी मी माझी समजूत काढली. ती समजूत मला सोयीची होती.

अक्काच्या मोतीबिंदूसाठी मीच दोघांना नांदेडला आणलं. ऑपरेशन नीट झालं. दुपारी ती डोळ्यावर पट्टी बांधून वॉर्डात पडली होती आणि मी अन् दाजी बाहेर व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलो होतो. आतून तिचा आवाज ऐकू येत होता; शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती माहेरचं काहीतरी सांगत होती.

दाजी म्हणाले, "ऐका. डोळा झाकला तरी तोंड काय झाकत न्हाई."

"बोलू द्या, दाजी. बरं वाटतंय तिला."

"बोलू द्या, बोलू द्या. ह्या तोंडापायी माझी नोकरी गेली, पाव्हणं. तुमाला सांगितलं न्हाई कवा, तुमची भैन म्हून."

मी त्यांच्याकडं वळलो.

"नाल्याकडं पाणी सोडतो, हे मी हिला सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "ही नळावर बायांपुढं बोलली असंल. बायांनी घरी सांगितलं. कुणाच्या तरी शिकलेल्या पोरानं अर्ज केला. किती डाव इचारलं, तर म्हनती मी बोलले न्हाई. रडती, पन कबूल करत न्हाई. लई वर्सं झाली. आता मी इचारत न्हाई."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या शब्दांना भ्यालो होतो ते माझ्यासाठी नव्हतेच. मी सुटलो होतो, आणि माझ्या जागी अक्का उभी होती. दारात उभी राहायची सोडली ती त्यामुळंच.

मी सांगितलं. काही जुळवाजुळव केली नाही. "दाजी, तो अर्ज मी लिहिला. फळीवरचा काळा चिखल बघून. मला वाटलं, तुम्ही बागेला पाणी विकता."

समोरून एक नर्स गेली, एक माणूस डबा घेऊन गेला. मला वाटलं दाजींना नीट ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"वस्तीचं लिवलं होतं का त्यात?"

"नाही. मला वस्ती माहीतच नव्हती."

"लिवायचं होतं," दाजी म्हणाले. "एवढा झकास अर्ज केला व्हता म्हनतेत. त्यात वस्तीचं लिवलं असतं, तर टँकर तरी आला असता." ते थांबले. "मला काढलं ते काढलं. त्या बाया पुढच्या पाण्याच्या दिवशीबी घागरी घेऊन आल्या व्हत्या. कुलूप बगून गेल्या."

मी माफी मागायला लागलो. ते म्हणाले, "माज्याकडं नका मागू." आणि मान वॉर्डाच्या दाराकडं केली.

मी उठून आत गेलो. दाजी मागून आले, गुडघ्यामुळं सावकाश. शेजारच्या खाटेवरची बाई आम्हाला बघून गप्प झाली. अक्कानं पावलांचा कानोसा घेतला. "कोन? भाऊ?"

"हो अक्का. मीच." तिच्या खाटेच्या लोखंडी दांडीला धरून मी उभा राहिलो. "अक्का, दाजींच्या विरोधातला तो अर्ज मी लिहिला होता."

तिनं पट्टी बांधलेला चेहरा वळवला. माझ्याकडं नाही. दाजींच्या पावलांचा आवाज जिकडून आला होता तिकडं.

"आता तरी पटलं का तुमाला?" ती म्हणाली.

"हाव," दाजी म्हणाले. स्टूल ओढून तिच्या उशाशी बसले. "पटलं."

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली, आणि मी त्यांना मुरुडच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. खिडकीतून तिनं मला नीट न्याहाळून बघितलं, नव्या डोळ्यानं पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. "केस पांढरे झाले रं तुजे," एवढंच म्हणाली. त्या वर्षी भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. मीही गेलो नाही. दाजींचा मात्र फोन आला, म्हणाले, "ती शेजारी गेलीया बोलत बसायला. आली की सांगतो तुमाला फोन करायला." तिनं केला नाही.